मुतारीत शेजारी कुणी आलं की लघवी अडते

घरी काहीच त्रास नसतो, पण मुतारीत शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की थेंब सुटत नाही. बाहेरून कुणी कडी वाजवली तर झालंच. याला पॅरुरेसिस म्हणतात, नाव १९५४ सालचं. लाजेपायी माणसं बोलत नाहीत. प्रवास, नोकरी, लग्नकार्यं मात्र टाळत राहतात. कामानिमित्त या त्रासाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे चुकतं, ते सांगा.

समुपदेशक

जोर लावून लघवी होत नाही, हे आधी मनात पक्कं करा. मूत्राशय आपोआप आवळतं. आपल्या हातात असतं ते खालचा स्नायू सैल सोडणं. भीती वाटली की मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू घट्ट होतो. त्यात कुंथायला लागलं की खालचाही आवळतो. एका दाराला दोन कड्या.

सरावाला मूत्राशय भरलेलं हवं. 'धरवत नाही' म्हणजे दहा धरलं, तर घाई सात-आठवर असावी. तासभर आधीपासून पाऊण ते एक लिटर पाणी थोडं थोडं प्या. तासाला लिटरच्या वर नको, रक्तातलं सोडियम उतरतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

विश्वासातलं एक माणूस सोबत घ्या आणि सुरुवात घरीच करा. ते माणूस आधी घराबाहेर किंवा लांबच्या खोलीत. धार लागली की तीन सेकंदांनी थांबवा, बाहेर या, तीन मिनिटं बसा, पुन्हा जा. प्रत्येक फेरीला त्यानं चार पावलं जवळ यावं: हॉल, पॅसेज, बंद दाराबाहेर, मग दार नुसतं लोटलेलं. तीन-चार मिनिटांत सुटलं नाही तर तिथे उभं राहून झगडू नका. त्याला मागे पाठवा आणि आधीची पायरी पुन्हा करा. शेवटच्या फेरीत मूत्राशय पूर्ण रिकामं करा. मधेच थांबवणं फक्त सरावापुरतं, रोजची सवय नको. घरी जमलं की मॉलमधली मुतारी, तीही गर्दी नसताना.

बहुतेक जण दोन ठिकाणी चुकतात. रिकाम्या मूत्राशयावर सराव करतात, तो फसतो आणि भीती घट्ट होते. दुसरं, आवाज झाकायला नळ सोडतात. पहिल्या पायऱ्यांना चालेल, पण पुढेही ठेवला तर नळ नसलेल्या ठिकाणी पुन्हा अडणार.

श्वास शिकवणारी

वरच्याला जोड. तीन-चतुर्थांश श्वास सोडायचा आणि तिथेच धरायचा. साधारण पाऊण मिनिटानं ओटीपोटाचा तळ, म्हणजे मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू, खाली सुटल्यासारखा होतो आणि धार लागते. पहिल्या दिवशी पाऊण मिनिट जमत नाही. दहा सेकंदांपासून वाढवत न्या, तेही बसून, मुतारीबाहेर. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर करू नका. पॅनिक ॲटॅक येणाऱ्यांनाही हे बाधू शकतं.

युरोफ्लो घेणारा तंत्रज्ञ

या तपासणीत फनेलमध्ये लघवी करायची असते, खाली यंत्र धारेचा वेग मोजतं. किमान १५० मिली झाली नाही तर आलेख भरवशाचा नसतो. दाराबाहेर रांग असली की लाजणाऱ्याची धार तुटक येते, नंतरच्या सोनोग्राफीत मूत्राशयात लघवी उरलेली दिसते, आणि प्रोस्टेटचा त्रास नसतानाही तसा संशय येतो. म्हणून आधीच सांगा: 'मला कुणी असलं की होत नाही.' आम्ही खोलीबाहेर जातो. आलेख बिघडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो. एकाच आलेखावर गोळ्या सुरू करून घेऊ नका.

स्त्रियांची फिजिओथेरपिस्ट

घाणीमुळे कमोडवर न टेकता अर्धवट वाकून उभं राहिलं की मांड्या आणि ओटीपोटाचा तळ ताठ राहतो, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. कागद घालून नीट बसा, तळपाय जमिनीवर टेकवा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तोच बरा. प्रवासात पाणी बंद करणं हा उपाय नाही: लघवी दाट होते, जळजळ होते आणि संसर्गाला वाट मिळते.

वॉर्डातली सिस्टर

ऑपरेशननंतर पडद्याआड भांडं दिलं तरी कित्येकांना होत नाही. उठायची परवानगी असेल तर पुरुषांनी पलंगाशेजारी उभं राहून करावी, नातेवाइकांना बाहेर पाठवावं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, म्हणून काय घेताय ते सांगा. ओटीपोट फुगून दुखतंय आणि थेंबही येत नाही, तर घरी वाट बघू नका. नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं, काही मिनिटांचं काम आहे. सारखं तसं होत असेल तर डॉक्टर स्वतः नळी घालायला शिकवतात. लांबच्या प्रवासात ती पिशवीत आहे एवढ्यानंच पुष्कळांची भीती उतरते.

अमेरिकेतून

ट्रक चालवणाऱ्यांसारख्या कामांत तिथे सरकारी नियमानं, नशा केली आहे का ते बघायला, लघवीची तपासणी असते: ४५ मिली नमुना, तीन तास मुदत, त्यात ४० औंसांपर्यंत (सुमारे १.२ लिटर) पाणी. ऐनवेळी 'घाबरलो' म्हटलेलं धरत नाहीत. त्रासाची डॉक्टरांकडची नोंद आधीची लागते. नोकरी शोधायच्या आधी ती करून घ्या.