पंचवीस तारखेचं ठरवूया

रविवार, ११ जानेवारी

समीर (बी-२०१): नमस्कार मंडळी. २६ जानेवारी सोमवारी आलीये, म्हणजे लागून तीन दिवस सुट्टी. गेल्या वर्षीसारखी सोसायटीची सहल काढूया का? कर्जतकडच्या एका रिसॉर्टशी बोललोय. बस, नाश्ता, दोन जेवणं, पोहायचा तलाव, सगळं मिळून माणशी २,२०० म्हणतायत. चाळीस जण झाले तर थोडं कमी होईल. बुधवारपर्यंत नावं द्या.

शिंदे दादा (सचिव): सोमवारी सकाळी ८ ला झेंडावंदन आहे, ते धरून ठरवा.

नेहा (डी-५०१): आम्ही ऑगस्टमध्ये राहायला आलो, अजून फारशा ओळखी नाहीत. मुलगा तीन वर्षांचा आहे. आम्हाला यायला आवडेल.

जोशी काकू (ए-३०४): समीर, २५ ला रथसप्तमी आहे रे. संध्याकाळी हॉलमध्ये सोसायटीचं हळदीकुंकू ठेवलंय, त्यानंतर दिवस नाही. बायका कशा येणार?

समीर (बी-२०१): अरे हो. मग शनिवारी २४ ला?

बी-४०२: आमच्याकडे शनिवार पाळतात. रिसॉर्टला जायचं आणि वरणभात खायचा, नको वाटतं.

समीर (बी-२०१): सोमवारी झेंडावंदन करून निघालो तर?

बी-४०२: सोमवार तर अर्धी सोसायटी पाळते. आणि मंगळवारी शाळा आहे.

अपर्णा वहिनी (सी-४०३): समीर भाऊजी, तुम्ही दर वर्षी धावपळ करता म्हणून सहल होते, हे आधी सांगते. पण गेल्या वर्षीचं माझ्या मनात राहिलंय ते आज बोलूनच टाकते.

बस सहाला निघायची होती. वाटेत खायला म्हणून आम्ही सातजणी पहाटे चारला उठून इडल्या लावत होतो. तिथे पोचल्यावर कळलं की जेवणाची जागा टेकडीवर, वर जायला सत्तरेक पायऱ्या. आधी फोनवर विचारलं होतं तर काही त्रास नाही म्हणाले होते. आमच्या आई, ए विंगच्या दोन आजी आणि बी-३०३ चे बाबा दिवसभर खालच्या ऑफिसबाहेर खुर्च्यांवर बसून होते. मी वरून ताट वाढून आणायचे, तोवर भाजी गार व्हायची. मग मुलाला भरवायला परत वर. आई घरी आल्यावर काही बोलल्या नाहीत, पण पाय चेपताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी घर सांभाळीन, तुम्ही जा." मला रात्रभर झोप लागली नाही.

सुट्टी सगळ्यांची असायला हवी ना? जिथे गुडघे दुखणारं माणूस येऊ शकतं, आणि जिथे सगळे एका वेळी जेवायला बसतात, वाढायला म्हणून कोणी मागे राहत नाही, अशी जागा शोधूया. लांब नसली तरी चालेल. मी यासाठी लागेल ते काम करीन.

सी-१०१: वहिनी, अगदी मनातलं बोललात. माझी आई त्यातलीच एक.

समीर (बी-२०१): वहिनी, पायऱ्यांचं मी स्वतः जाऊन बघायला हवं होतं. आजींना माझा नमस्कार सांगा. रिसॉर्ट रद्द. आता तुम्हीच सुचवा.

डी-२०३: सेंट्रल पार्क, खारघर? जागा सपाट आहे.

बी-४०२: पार्कात डबे न्यावे लागतील, म्हणजे परत पहाटे चार.

म्हात्रे काका (ए-१०२): मी बोलू का?

पोपटी लावूया.

नेहा (डी-५०१): काका, पोपटी म्हणजे काय? आम्ही अमरावतीचे.

म्हात्रे काका (ए-१०२): सांगतो. लिहायला वेळ लागेल, चष्मा घेतो.

म्हात्रे काका (ए-१०२): पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. थंडीतच होते, कारण शेंगा तेव्हाच येतात. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल टाकायचे, वेगळं पाणी द्यायचं नाही. पौषात शेंगा भरतात. करावे गावात आमच्या शेतावर माझे वडील लावायचे पोपटी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, पुढे शेतं गेली, भाताबरोबर वालही गेला. आता शेंगा पेण-अलिबागकडून येतात.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. रानात उगवतो, वास उग्र असतो, पण त्याशिवाय पोपटी नाही. वर शेंगांचा थर, त्यावर ओवा आणि जाडं मीठ. मधे बटाटे, रताळी, छोटी वांगी, कांदे. खाणाऱ्यांसाठी केळीच्या पानात बांधलेली कोंबडी आणि अंडी. शेवटी पाला दाबून तोंड गच्च बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवायचं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. थेंबभर पाणी किंवा तेल नाही.

माझ्या मेहुण्याची नागावला वाडी आहे, उरणचं नागाव, पिरवाडीच्या किनाऱ्याजवळचं. जमीन सपाट. घरात संडास-बाथरूम आहे, खाट आहे, खुर्च्या आहेत. रिक्षा दारापर्यंत जाते. वहिनी, तुमच्या सासूबाईंना एकही पायरी नाही. मी आज संध्याकाळी फोन करतो.

अपर्णा वहिनी (सी-४०३): काका, हे आईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, "एकही पायरी नाही म्हणाले ना?"

शिंदे दादा (सचिव): जायचं कसं? बस करायची का?

सी-१०१: बस कशाला? नेरूळहून उरणची गाडी आहे की. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत सुरू झाली, आपल्यातले निम्मे लोक अजून बसले नसतील. पाऊण तासाचा रस्ता. तिकीट रिक्षापेक्षा स्वस्त. सीवूड्स सोडलं की खाडी लागते, मुलं खिडकी सोडणार नाहीत. फक्त गाड्या आपल्या हार्बर लाइनसारख्या पाठोपाठ नाहीत. एक चुकली तर बराच वेळ बसावं लागतं, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

जोशी काकू (ए-३०४): तारीख राहिलीच. आणि माझं हळदीकुंकू?

अपर्णा वहिनी (सी-४०३): काकू, हळदीकुंकू वाडीतच केलं तर? पोपटी लागली की पाऊण तास सगळे मोकळेच असणार. २५ ला, रविवारी.

जोशी काकू (ए-३०४): शेतात हळदीकुंकू! माझ्या आजोळी करायचे गं. चालेल. वाण काय द्यायचं? मी स्टीलच्या वाट्या आणायच्या म्हणत होते.

म्हात्रे काका (ए-१०२): ताई, वाण म्हणून ओंजळभर कच्च्या शेंगा द्या. शेतातलं वाण.

जोशी काकू (ए-३०४): ठरलं.

बी-४०२: रथसप्तमीला आमच्याकडे कोंबडी चालणार नाही, पण इतरांनी का सोडावी?

म्हात्रे काका (ए-१०२): तीन मडकी लावू. दोन नुसत्या शेंगांची आणि कंदांची, एक कोंबडीचं. जाळ वेगवेगळे आणि काढायच्या काठ्याही वेगळ्या. शेंगांच्या मडक्याला दुसरा हात लागणार नाही, ही माझी जबाबदारी.

जोशी काका (ए-३०४): स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांना एक सुचवतो. थोडी वाट वाकडी करून चिरनेरला जा. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, हुतात्म्यांचं स्मारक आहे. दुसऱ्या दिवशी आपण झेंडावंदन करणार, तर मुलांना आपल्याच भागातलं काही ठाऊक असावं. मी गाडीत दोघांना घेईन.

बुधवार, १४ जानेवारी

समीर (बी-२०१): तीळगूळ घ्या, गोड बोला. नावं ३८ झाली. हिशेब मी ठेवतोय. शेंगा, कंद, कोंबडी, गोवऱ्या, रिक्षा मिळून माणशी ३०० काढूया. उरले तर परत करीन.

बी-४०२: दोन हजार दोनशेवरून तीनशेवर!

अपर्णा वहिनी (सी-४०३): घरून कोणीही काही करून आणायचं नाही. चटणी नाही, पुऱ्या नाहीत, "थोडासाच" शिरा नाही. पाण्याच्या बाटल्या आणि टोपी, बास. मुलांची दूधबाटली तेवढी चालेल.

नेहा (डी-५०१): माझी शनिवारी रात्रपाळी आहे, हॉस्पिटलमधून सकाळी ९ ला घरी येईन. सोडणार होते, पण आता येतेच. गाडीत झोपेन.

सी-१०१: नेहा, तुझ्या मुलाला मी बघते. माझ्या मुलीला तेवढंच काम.

शनिवार, २४ जानेवारी

म्हात्रे काका (ए-१०२): शेंगा आल्या. पनवेलच्या बाजारातून बारा किलो, निवडून घेतल्यात, दाणा भरलेला आणि साल हिरवी. मडकी काल धुऊन उन्हात ठेवली. मेहुण्याने पाला काढून ठेवलाय.

शिंदे दादा (सचिव): रविवार म्हणून मेगाब्लॉकची काळजी होती. वेळापत्रक बघितलं, आपल्या गाडीला अडचण नाही. बाराला गेटवर. आजी-आजोबांना चढायला सोपं जावं म्हणून सगळे एकाच डब्यात चढू नका, तरुणांनी पुढच्या डब्यात जा. वाडीत जाळाजवळ पाण्याच्या चार बादल्या भरलेल्या हव्यात, हे समीर बघेल. किनाऱ्यावर मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं.

सोमवार, २६ जानेवारी

शिंदे दादा (सचिव): प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. झेंडावंदनाला ५४ जण होते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कपड्यांना अजून धुराचा वास येत होता.

समीर (बी-२०१): हिशेब टाकलाय. माणशी ४० रुपये उरले, संध्याकाळपर्यंत परत करतो.

नेहा (डी-५०१): मला काल आभार मानायचे राहिले. मी वाडीत पोचल्यावर तासभर खाटेवर झोपले आणि मला कोणीही उठवलं नाही. जाग आली तेव्हा मुलगा म्हात्रे आजींच्या मांडीवर बसून मडक्यात शेंगा टाकत होता. गेल्या पाच महिन्यांत मी दिवसा अशी झोपले नव्हते.

सी-१०१: मला ते पाण्याचं फार आवडलं. काका म्हणाले बघूया झाली का, आणि मडक्यावर हाताने पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि क्षणात सुकलं. "झाली," म्हणाले. माझी मुलगी विचारत होती की याला घड्याळ लागत नाही का.

बी-४०२: आणि मडकं उघडल्यावरचा तो वास! ओवा, पाला आणि भाजलेली शेंग. साल दाबली की दाणे आपोआप बाहेर येतात. आमच्या बाबांचे दात नाहीत, तरी त्यांनी दोन वाट्या खाल्ले, इतके मऊ होते.

डी-२०३: काका, मी पाणी घालायचं का विचारलं तर आजी केवढ्या रागावल्या माझ्यावर!

म्हात्रे काका (ए-१०२): "बाय गो, पानी घालाचा नाय, शेंग आपल्या रसानंच शिजतं." सगळ्यांना तसंच सांगते ती. तुझ्या ताटात शेवटचं रताळं तिनेच टाकलं.

जोशी काकू (ए-३०४): काल पेपरच्या पानांवर शेंगा ओतल्या आणि सगळे गोल करून बसले, तेव्हा मी मुद्दाम मोजलं. उभं कोणी नव्हतं. एवढ्या वर्षांत सोसायटीच्या जेवणात मी हे पहिल्यांदा पाहिलं. अपर्णा, तुझ्यामुळे.

अपर्णा वहिनी (सी-४०३): काकू, म्हात्रे काकांमुळे. आईंचं सांगायचंय. त्या साताऱ्याच्या, लग्नाआधी शेतात काम केलेलं. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं देवळापलीकडे जात नाहीत. काल गाडीत खिडकीशी बसल्या आणि खाडी आल्यावर त्यांनी हात जोडले. वाडीत पोचल्यावर चप्पल काढून मातीत पाय ठेवून बसल्या, हळदीकुंकवालाही तशाच. काकूंनी ओटीत शेंगा घातल्या तेव्हा त्या रडल्या, आम्हाला वाटलं धुरामुळे.

रात्री त्यांनी त्या शेंगा भाजीला दिल्या नाहीत. सोलून दाणे बशीत ठेवलेत. गॅलरीतल्या कुंडीत पेरायचेत म्हणतात. काका, आता पेरले तर येतील का?

म्हात्रे काका (ए-१०२): ते दाणे हिरवे आहेत वहिनी, उगवायचे नाहीत. त्यांची उसळ करा. माझ्याकडे गेल्या वर्षीचे वाळलेले वाल डब्यात आहेत, संध्याकाळी मूठभर घेऊन येतो. आईंना सांगा, कुंडीतली माती मोकळी करून भिजवून ठेवा.