एखादं काम 'प्रोफेशन' नेमकं कधी होतं?

रानवारा: नुसतं पोटापाण्याचं काम डॉक्टर-वकिलांसारखं मान्यताप्राप्त प्रोफेशन कधी होतं? लायसन्स आलं की झालं का? मी डेटावाला, आमच्याकडे कोणीही उठून एक्सपर्ट होतं, फार त्रास होतो याचा.

जुनं_पेन: लायसन्स बरंच उशिरा येतं. समाजशास्त्रज्ञ हॅरोल्ड विलेन्स्कीने १९६४ मध्ये साधारण क्रम मांडला होता, आधी लोक ते काम पूर्णवेळ करायला लागतात, मग ट्रेनिंगच्या शाळा, मग संघटना, मग कायद्याचं संरक्षण आणि शेवटी आचारसंहिता. अर्थात सगळीकडे असंच होतं असं नाही. लंडनमध्ये सर्जन आणि न्हावी १५४० पासून एकाच संघात होते, वेगळे झाले ते थेट १७४५ ला!

मीरा_वाचते: नर्सिंगचं बघा ना, नाइटिंगेलची ट्रेनिंग शाळा १८६० ची, पण इंग्लंडमध्ये नर्सेसच्या रजिस्ट्रेशनचा कायदा यायला १९१९ उजाडलं, न्यूझीलंडने तो १९०१ लाच केला होता. आणि स्वतः नाइटिंगेलचाच रजिस्ट्रेशनला विरोध होता, परीक्षेतून चांगली नर्स ओळखता येत नाही असं त्यांचं म्हणणं, जे मला आजही पटतं.

रानवारा: मग आम्ही सुरुवात कुठून करायची?

जुनं_पेन: माझ्या मते जबाबदारीपासून. चुकीच्या कामाने कोणाचं नुकसान झालं तर जाब विचारणारी आणि गरज पडली तर बाहेर काढणारी संघटना हवी. फक्त सर्टिफिकेटची फी एवढी नको की ऐपत नसलेली हुशार पोरं दाराबाहेरच राहतील, हे बऱ्याच प्रोफेशन्समध्ये झालंय.