मदत हवी आहे : १८ फुटांच्या गॅरेजमध्ये व्ही-क्रॉस बसेल का?

बागायत_सावदा

राम राम मंडळी. घरात इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप घ्यायचं चाललंय, पण बुकिंगआधी गॅरेजचा प्रश्न सुटायला हवा. मापं टेपने घेतली आहेत.

आतली लांबी १८ फूट, रुंदी साडेनऊ फूट. शटरचं मोकळं तोंड ८ फूट रुंद, ७ फूट उंच आणि बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे ९ इंचांचे तुकडे उरतात. पुढची भिंत ९ इंची, शटर आतल्या अंगाला. फरशी रस्त्यापेक्षा ६ इंच वर. पुढे आमची ३ फूट जागा, मग पालिकेची दीड फुटी उघडी गटार, तिच्यावर तोंडाएवढा ४ इंची ढापा. तोंडापासून समोरच्यांच्या ओट्यापर्यंत १७ फूट, पण ओट्याला लागून मोटारसायकली उभ्या असतात.

मिस्त्री म्हणतो, मागची भिंत फोडून २ फूट स्वयंपाकघरात सरकवा. दुसरा मार्ग आहे का?

नकाशा_भुसावळ

मागच्या भिंतीला हात लावू नका. तुमची अडचण लांबीची नाही, तोंडाची आहे.

गाडी ५२९५ मिमी लांब, १८६० रुंद (आरसे सोडून), १८४० उंच. १८ फूट म्हणजे ५४८६ मिमी. फरक १९१ मिमी, त्यातले ७-८ सेंमी आतलं शटर खातं. उरतात जेमतेम ११ सेंमी, आणि रोजच्या वापराला ते खरंच कमी आहेत. पण शटर बाहेरच्या अंगाला घेतलं की भिंतीची ९ इंच जाडी तुमची झाली, कारण ८ फुटांच्या तोंडात गाडीचं नाक आरामात मावतं. आता लांबी ५७१५ मिमी. मागे १५ सेंमी सोडले तरी पुढे शटरपर्यंत २७ सेंमी राहतात. स्वयंपाकघर शाबूत.

वळणाचं गणित जास्त महत्त्वाचं. या गाडीची वळणाची त्रिज्या सुमारे ६.३ मीटर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३०९५ मिमी. पूर्ण स्टिअरिंगवर पुढचा बाहेरचा कोपरा जवळजवळ ६.९ मीटरचं वर्तुळ मारतो. ८ फुटांच्या तोंडातून एका दमात रिव्हर्स जायला समोर साधारण १६ फूट ७ इंच लागतात. तुमच्याकडे १७. तोंड ९ इंचांनी वाढवलं तर हीच गरज साडेपंधरा फुटांच्या आत येते. म्हणजे भिंतीतले ९ इंच तुम्हाला रस्त्यावर १४ इंच मिळवून देतात. पैसा तिथे घाला.

आता सांगा, ते ९ इंचांचे तुकडे कॉलम आहेत की नुसती वीट? गच्चीवर सोडलेल्या सळया कुठे येतात ते बघा, आणि खाली त्याच रेषेत थोडं प्लास्टर टोचून खात्री करा.

बागायत_सावदा

बघितलं दादा. रस्त्यावरून घराकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे कॉलम आहे, पुढच्या भिंतीत आडवा. डावीकडे कॉलम बाजूच्या भिंतीतच संपतो, तुकडा निव्वळ विटांचा.

नकाशा_भुसावळ

हवी तीच बाजू मोकळी आहे. डावीकडचा तुकडा काढा, तोंड ८ फूट ९ इंच होईल. कॉलमला छिन्नीसुद्धा लावू देऊ नका. लिंटेलचं (तोंडावरच्या आडव्या तुळईचं) डावं टोक त्या विटांवर टेकलेलं असेल, तर आधी वर टेकू द्यावे लागतील आणि नवा आधार कॉलमवरच घ्यावा लागेल. हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन घ्यायचा, मिस्त्रीने नाही. वरती छज्जा असेल तर त्याचंही वजन त्याच लिंटेलवर आहे.

गॅरेज ड्रायव्हरच्या हाताला राहील अशा दिशेने गल्लीत शिरा. गाडीची उजवी बाजू तोंडाच्या रेषेपासून ५ फूट, मागचं चाक जवळच्या कोपऱ्याच्या १० फूट पुढे गेलं की थांबा. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, मग रिव्हर्स. आतला कोपरा खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, हा या दिशेचा मोठा फायदा. उलट दिशेने आलात तर तोच कोपरा आरशाच्या भरवशावर.

आत गेल्यावर गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे कॉलमच्या बाजूला, एक फूट आणि ड्रायव्हरकडे सव्वादोन फूट राहतील. दार उघडून उतरायला पुरेसे आहेत. शेजारी बसणाऱ्याने मात्र बाहेरच उतरावं. नाक आधी घालायचा विचारही नको, त्याला या गल्लीपेक्षा बराच रुंद रस्ता लागतो.

शटर_धुळे

बाहेरच्या शटरबद्दल दोन गोष्टी. ड्रम (ज्यावर शटर गुंडाळतं) आणि गाइड चॅनल (ज्यात ते सरकतं) स्वतःच्या हद्दीत, छज्जाखाली बसले पाहिजेत. दुसरं, ब्रॅकेटचे बोल्ट आता रस्त्याकडे येतात, पान्याने कोणीही सोडवेल. बसवल्यावर नट वेल्डने टाचून घ्या आणि ड्रमवर पत्र्याचा बंद हूड करा, नाहीतर पावसाचं पाणी आणि कबुतरं दोन्ही आत. चॅनल तोंडाच्या कडेपासून बाहेर सरकवून बसवा, कडेवर बसवलं तर मिळवलेली रुंदी तिथेच गेली.

मुरूम_चोपडा

ढाप्याकडे कोणी बघितलं नाही. वरच्या वळणात आतलं मागचं चाक गटार तोंडासमोर ओलांडत नाही. ते कोपऱ्याच्या बाहेर, साडेचार फुटांपर्यंत लांबून तिरपं येतं. तोंडाएवढा ढापा असेल तर चाक थेट उघड्या गटारात. ड्रायव्हरच्या बाजूला ढापा ६ फूट वाढवा, पालिकेला अर्ज देऊनच.

४ इंची ढापा या गाडीखाली तडकणार. ६ इंच जाडी, खालच्या अंगाला १० मिमी सळ्या ४ इंचांवर, गटारीला आडव्या. दोन्हीकडे किमान ६ इंच टेकण. दीड दीड फुटांचे तुकडे पाडून हुक ठेवा, गटार काढताना उचलता आले पाहिजेत.

रॅम्प ३ फुटांत ६ इंच, म्हणजे १:६, चालेल. वरची-खालची धार गोल करा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दुसऱ्या वर्षी रॅम्प दुभंगतो. ९ इंच माती काढा, मुरूम थरांत पाणी मारून धुम्मस करा, मगच ५ इंच काँक्रीट जाळीसकट.

बागायत_सावदा

आणि ओट्याजवळच्या मोटारसायकली? टोयोटा हायलक्स घेतली तर काही फरक?

नकाशा_भुसावळ

हायलक्स ५३२५ मिमी, म्हणजे ३ सेंमी लांबच. गॅरेजसाठी बदलण्यात अर्थ नाही. मोटारसायकली अडीच फूट खातात, मग साडेचौदा उरतात आणि एका दमात जमणार नाही. मागचं टोक तोंडात आलं की थांबा, स्टिअरिंग डावीकडे करून दोन-तीन फूट पुढे, परत उजवीकडे करून मागे. एक जादा हेलपाटा, एवढंच.

आत मागच्या चाकांसाठी ४ इंच उंच ठोकळे बसवा. जागा कागदावरून काढू नका. गाडी हवी तिथे उभी करून चाकामागे खूण करा. टो हुक लावणार असाल तर तो ५२९५ मध्ये धरलेला नाही, ठोकळे तेवढे पुढे घ्या. ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप वगैरे भिंतीकडेला असतील तर ते मागच्या बाजूला साडेसहा फुटांवर माळा करून वर चढवा.

भिंत फोडण्याआधी हे करा : टेस्ट ड्राइव्हची गाडी मोकळ्या मैदानात न्या, फक्कीने गल्ली आणि गॅरेज आखा, कोपऱ्यांवर विटांची चळत रचा आणि घरात जो रोज गाडी लावणार त्यालाच चालवायला द्या. एकदा ८ फुटांचं तोंड आखून, एकदा पावणेनऊचं.