मदत हवी आहे : 'सेट' या इंग्रजी शब्दाचे अर्थ मुलांना मराठीतून कसे समजावावेत?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते आणि तासगावच्या बाजूच्या एका गावात आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मदत का हवी आहे हे कळावे म्हणून आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

आमच्या शेजारच्या आजोबांवर शेताच्या बांधावरून दावा झाला होता. खालच्या न्यायालयात निकाल त्यांच्या विरोधात गेला, म्हणून त्यांनी वर अपील केले. अपिलाच्या निकालाची इंग्रजी नक्कल घेऊन ते माझ्याकडे आले, कारण गल्लीत इंग्रजी शिकवणारी मी एकटीच. शेवटच्या पानावर खालचा हुकूमनामा 'सेट असाईड' केला आहे असे वाक्य होते. मी ते दोनदा वाचले आणि आजोबांना सांगितले की निकाल तूर्त बाजूला ठेवला आहे, अजून लागायचा आहे. त्याच्या वरच्या ओळीत अपील 'अलाऊड' असे होते, त्याचा अर्थ मी अपील करायला परवानगी मिळाली असा घेतला. त्यांनी नक्कल घडी करून पिशवीत घातली आणि काही न बोलता उठले. तीन आठवड्यांनी त्यांचे वकील गावाहून परतले, तेव्हा कळले की विरोधात गेलेला हुकूमनामा रद्द झाला आहे, म्हणजे आजोबा जिंकले आहेत. ते तीन आठवडे त्या घरात कोणाला नीट झोप लागली नव्हती. आजी मला एका शब्दानेही लागेल असे बोलल्या नाहीत, पण माझ्या मनातून ती गोष्ट जात नाही.

तेव्हापासून मी या एका शब्दामागे लागले आहे. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या २० खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती आणि तिथे त्याचे सुमारे ४३० अर्थ दिले होते. तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असताना तो मान 'रन' या क्रियापदाकडे गेला. त्याचे ६४५ अर्थ झाले आणि तेवढ्या एका नोंदीवर संपादकाचे नऊ महिने गेले. हे आकडे मी वर्गात सांगितले आणि लगेच पस्तावले, कारण मुलांचे चेहरे पडले. ४३० अर्थ कोणी पाठ करत नाही, इंग्रज मूलही करत नाही. ते कुठल्या तरी एका मूळ अर्थापाशी उभे राहून बाकीचे ओळखते, असे मला वाटते. तो मूळ अर्थ मुलांच्या हाती कसा द्यावा, हा माझा खरा प्रश्न आहे.

शोधता शोधता दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी की हे वरवर एक दिसणारे मुळात दोन शब्द आहेत. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला सेट म्हणजे संच, हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याचे मूळ 'सेक्टा' या लॅटिन शब्दात आहे, ज्याचा अर्थ एखाद्याच्या मागे जाणारा गट. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा शब्दही त्याचाच भाऊ. क्रियापद मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतले आहे आणि ते 'सिट' म्हणजे बसणे याचे प्रयोजक रूप आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. पुढे दोघांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले.

हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला, कारण दुसरी गोष्ट तिथूनच सापडली. अंगठीत खडा बसवतात, निखळलेले हाड बसवतात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात; इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी सेट आहे. खेळपट्टीवर जम बसलेल्या फलंदाजाला समालोचक सेट म्हणतात, तिथेही आपले क्रियापद बसणेच आहे. जिथे बसवणे पुरत नाही तिथे बहुधा लावणे धावून येते. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, वाफ्यातले रोप काढून शेतात लावणे, कवितेला चाल लावणे, हे सगळे सेट. विरजण लावल्यावर सकाळी दही लागते, तेही सेट होणे. कामाला लागणे यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. आमच्या भागात उसाची लागण, मिरजेत तंबोरा लावणे, हे शब्द मुलांच्या कानावर रोजचे आहेत, त्यामुळे या वाटेने त्यांना पुष्कळ लवकर समजले.

मात्र ही वाट एकाच बाजूने चालते. दार लावणे आणि दिवा लावणे यांना सेट चालत नाही, आणि एका मुलाने वहीत 'आय सेट द डोअर' असे लिहिलेच. तो चुकला असे मला म्हणवेना, कारण वाट मीच दाखवली होती. इंग्रजीकडून मराठीकडे येताना लावणे आणि बसवणे आठवावे, उलट जाऊ नये, असे मी आता सांगते. शिवाय या क्रियापदाचे रूप तिन्ही काळांत तेच राहते, त्यामुळे 'ही सेट द क्लॉक' हे वाक्य भूतकाळातले आहे हे शेवटी एस नाही एवढ्यावरूनच ओळखावे लागते. हा भाग मुलांना जमतो, त्याबद्दल विचारत नाही.

मी अडले आहे ती जागा पुढे सांगते. नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, दही सेट होतं, स्लॅबचं सिमेंट सेट होतं, मग सूर्य सेट होतो म्हणजे तो पण घट्ट होतो का?" मी उत्तर देऊ शकले नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे. सूर्य सेट होतो तेव्हा काहीतरी संपते, आणि पावसाळा 'सेट इन' होतो तेव्हा काहीतरी सुरू होते. एकाच शब्दात मावळणे आणि सुरू होणे दोन्ही कसे बसते, हे मुलांना पटेल अशा मराठीत कोणी सांगू शकेल का?

दुसरी अडचण न्यायालयीन भाषेची. 'सेट असाईड'चे दोन अर्थ, पैसे राखून ठेवणे आणि आदेश रद्द करणे, एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात. यामागे काही धागा आहे का, की ते नुसते पाठच करावे?

तिसरी अडचण द्राक्षाची. माझ्या वर्गातली निम्मी मुले बागायतदारांच्या घरची आहेत आणि फळछाटणीनंतर घरोघरी 'सेटिंग' हा शब्द असतो. एका मुलाने मला बागेत नेऊन घड दाखवला. फुलोऱ्याच्या टोप्या गळून गेल्या होत्या आणि देठांवर ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान हिरवे मणी उभे होते. तो म्हणाला, "आत्ता पाऊस झाला तर कूज होते आणि गळ होते, सेटिंग बिघडतं." त्याला या शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, पण त्यासाठी आपले मूळचे क्रियापद कोणते, हे आम्हां दोघांनाही सांगता आले नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला तुमच्याच शब्दाने उत्तर देता येईल. मराठीत बसणे म्हणजे फक्त स्थिर होणे नव्हे, खाली जाणेही आहे. धूळ बसते, पायाखालची जमीन बसते, पावसात जुनी भिंत बसते, घसा बसतो. सूर्य सेट होतो तो या अर्थाने बसतो, म्हणजे दिवसभर वर चढून उतरलेला सूर्य शेवटी खाली टेकतो. आता पावसाचे पाहा. आलेला पाहुणा दारातून परत गेला नाही आणि आत येऊन बसला, तर तो राहणार हे कळते. पावसाने ठाण मांडले, मुक्काम ठोकला असे आपण म्हणतो, तेच 'सेट इन'. झड लागली म्हणतो तिथे तुमचे लागणेही येते. बसण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आहे. सूर्य बसला की दिसेनासा होतो आणि पाऊस बसला की हलत नाही, एवढाच फरक.

इंग्रजीतील सिट आणि संस्कृतातील सद् हा धातू एकाच मुळाचे आहेत. सदन, संसद, परिषद हे शब्द त्या धातूचेच. मुलांना हे सांगाच, सेट हा शब्द त्यांना परका वाटणार नाही.

प्रतिसाद २

मी दिवाणी बाजूला वकिली करतो, म्हणून फक्त दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. ठेवणे आणि सारणे यांत जो फरक आहे, तोच या दोन अर्थांत आहे. पैसे बाजूला ठेवतात ते पुढे उपयोगी पडावेत म्हणून. आदेश बाजूला सारतात तो वाटेत राहू नये म्हणून. न्यायालयाच्या कागदात नेहमी दुसराच अर्थ घ्यावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ हा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठीचा आहे, तिथेही हाच शब्दप्रयोग आहे. अपील 'अलाऊड' म्हणजे अपील मंजूर. तूर्त थांबवणे याला 'स्टे' म्हणजे स्थगिती हा वेगळाच शब्द आहे. मुलांना शिकवताना 'सेट ऑफ' हेही सांगा, कारण बाहेर त्याचा अर्थ प्रवासाला निघणे किंवा फटाका लावणे असला, तरी आमच्याकडे तो वजावट असा होतो. आरोपीने खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्यालाही सेट ऑफच म्हणतात.

एक विनंती आहे. आजोबांच्या नक्कलेत 'सेट असाईड'च्या पुढे 'रिमांड' हा शब्द आहे का, ते पुन्हा पाहा. असला तर दावा फेरसुनावणीसाठी खाली परत गेला आहे आणि काम संपलेले नाही.

प्रतिसाद ३

मॅडम, आमच्या घरी आजी अजूनही 'मणी धरले' असे म्हणते. आंब्याला फळ धरले, शेंगेत दाणा धरला, तसेच हे. कृषी खात्याच्या पुस्तिकेत फळधारणा असते, तीही धरण्यावरूनच. सेटिंग हा शब्द औषधांच्या दुकानातून आला आणि आम्ही तो उचलला.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. बसण्याचा दाखला आजच वर्गात दिला. त्या मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे सूर्य दमून बसतो, पाऊस हट्टाने बसतो." मी ते तिच्याच नावाने फळ्यावर लिहून ठेवले आहे. धरणे हे क्रियापद मला सुचायला हवे होते. लावणे आणि बसवणे यांच्या शेजारी आता त्याचाही रकाना केला आहे आणि द्राक्षाच्या घरची मुले त्यात घरून ऐकलेली वाक्ये भरत आहेत.

वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून संध्याकाळीच आजोबांकडे गेले आणि नक्कल पुन्हा मागून घेतली. या वेळी शेवटचे पान एकेका शब्दावर बोट ठेवून वाचले. 'रिमांड' कुठेही नाही. पुढच्या ओळीत मूळ दावा फेटाळला आहे असे स्पष्ट लिहिले आहे. ती ओळ मी आजोबांना आणि आजींना मराठीत मोठ्याने वाचून दाखवली, आणि आजींच्या सांगण्यावरून आणखी एकदा वाचली.