मदत हवी आहे: वाड्यातल्या कंदिलामुळे गेम रखडतोय

राम राम मंडळी. मी अमळनेरचा. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये एक छोटा हॉरर अ‍ॅडव्हेंचर गेम बनवतोय. त्याच त्या विलायती हवेल्यांचा कंटाळा आला, म्हणून आपल्याकडचा धाब्याचा वाडा घेतलाय: ओसरी, माजघर, धान्याचं बळद, खाली तळघर. खेळणाऱ्याच्या हातात फक्त कंदील.

घोडं तिथेच अडलंय. कंदिलासाठी ओम्नीलाइट (चहूबाजूंना उजेड टाकणारा दिवा) वापरलाय आणि तो हलता असल्याने त्याच्या सावल्या बेक करता, म्हणजे आधीच काढून साठवून ठेवता, येत नाहीत. शॅडो मोड (सावली काढायची पद्धत) ‘क्यूब’ ठेवला तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपवर माजघरात पाऊल टाकताच गेम रखडतो. तोच मोड ‘ड्युअल पॅराबोलॉइड’ केला की वेग येतो, पण खांबांच्या सावल्या वाकड्यातिकड्या पडतात. (भुताचा वाडा म्हणून खपूनही जाईल, पण मला नाही चालणार.) ओम्नी काढून एकाच दिशेला झोत टाकणारा स्पॉटलाइट लावला तर कंदील बॅटरीसारखा दिसेल का? की सावली फक्त खांबांची ठेवून भांडीकुंडी वगळू?

आणखी एक. तळघरातून म्हातारीचा आवाज हवाय, ‘कोन शे रे?’ एवढंच, पण अस्सल अहिराणी ढंगात. साक्रीकडचं कुणी आजीकडून रेकॉर्ड करून देईल का? क्रेडिट्समध्ये आजीचं नाव नक्की टाकतो.