वस्तीतील संध्याकाळची अभ्यासिका : गृहपाठ करून घ्यावा की वाचन-गणिताचा पाया?

प्रश्न (पुणे)

नमस्कार.

पर्वतीच्या पायथ्याजवळील एका वस्तीत आम्ही पाच-सहा जण येत्या जूनपासून संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत अभ्यासिका सुरू करणार आहोत. वस्तीतील मंडळाने समाजमंदिराची खोली विनामोबदला देण्याचे कबूल केले आहे. तिसरी ते आठवीची तीस-पस्तीस मुले येतील असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकतात. आई घरकामाला, वडील बिगारी, हमाली किंवा रिक्षावर, अशी बहुतेक घरांची स्थिती असल्यामुळे शाळा सुटल्यावर मुलांकडे लक्ष देणारे मोठे माणूस घरी नसते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत वही उघडून बसण्याइतकी निवांत जागाही मिळत नाही.

घरोघरी फिरलो तेव्हा पालकांनी एकमुखाने सांगितले की, गृहपाठ करून घ्या आणि परीक्षेची तयारी करून घ्या. मात्र सहावीतील काही मुलांना मराठीच्या पुस्तकातील एक ओळही सलग वाचता येत नाही, हे आम्हाला त्याच फेरीत दिसले. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याच्याकडून विज्ञानाची उत्तरे वहीत उतरवून घेण्यात काय अर्थ आहे, हे कळत नाही. दुसरा प्रश्न शिकवण्याचा. आम्ही सगळे नोकरी करणारे आहोत आणि प्रत्येकाला आठवड्यातून एखादा दिवसच देता येईल. तिसरा प्रश्न शुल्काचा : नाममात्र का होईना, घ्यावे की घेऊ नये? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (मुंबई, निवृत्त शिक्षिका)

आपल्या पहिल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. पाया आधी, गृहपाठ शेवटच्या वीस मिनिटांत. पण तसे करण्यापूर्वी प्रत्येक मूल नेमके कुठे अडले आहे, हे एकेकाला जवळ बसवून पाहावे लागेल, आणि ते वर्गपाठाच्या पुस्तकावरून पाहू नये. शाळेत झालेला धडा मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. बोट ओळीवरून सरकत असते, तोंडाने शब्द बरोबर येत असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की मूल वाचते आहे. त्याच पानावरचा मधलाच एखादा शब्द बोटाने झाकून नंतरचा विचारला की मूल गप्प होते. म्हणून मुलाने कधी न पाहिलेला, चित्र नसलेला साधा मजकूर द्यावा.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन जी ‘असर’ पाहणी होते, तिची चाचणी यासाठी उत्तम आहे. अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढ्या चारच पायऱ्या आहेत. गणितात एक अंकी आणि दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, इतकेच विचारले जाते. एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे त्या पाहणीत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. तेव्हा आपल्याला जे दिसले ते त्या वस्तीचे किंवा तिथल्या शाळेचे वेगळेपण नाही.

चाचणीनंतर गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे करावेत. अक्षरावर अडलेला सहावीचा मुलगा आणि तिसरीची मुलगी एकाच सतरंजीवर बसतील. यात मोठ्या मुलाला कमीपणा वाटण्याचा धोका खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. मी गटांना कधीही ‘कच्चा’ किंवा ‘हुशार’ म्हणू दिले नाही, आणि मोठ्या मुलांसाठी त्यांच्या वयाला शोभेल असा मजकूर स्वतः लिहून काढत असे : क्रिकेटच्या सामन्याची बातमी, बसच्या पाट्या, रिक्षाच्या मागे लिहिलेली वाक्ये. अकरा वर्षांच्या मुलासमोर ‘कमळ बघ, छगन बघ’ ठेवले, तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही.

वाचन बहुधा तीन जागी अडते : ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार, अनुस्वार, आणि जोडाक्षरे. मुळाक्षरे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकणारी पुष्कळ मुले ‘पाणी’ हा शब्द ‘प’ला काना, ‘ण’ला वेलांटी असा फोडून सांगतात, पण एकत्र उच्चारत नाहीत. त्यांच्याकडून बाराखडी पुन्हा घोकून घेण्यात वेळ घालवू नये. तक्त्यावर ‘का, मा, ला, ली, पा, णी’ अशी अक्षरे लिहून त्यांतून शब्द बनवायला लावावेत, आणि रोज एक छोटी गोष्ट आपण मोठ्याने वाचून दाखवावी, मग त्यांच्याकडून वाचून घ्यावी. ज्या घरांत कानडी, तेलुगू किंवा गोरमाटी बोलली जाते, तिथल्या मुलांना शब्द वाचता आला तरी तो कळतोच असे नाही. त्यांच्याशी आधी भरपूर गप्पा माराव्या लागतात.

गणितासाठी आगपेटीच्या काड्या आणि रबरबँड एवढे साहित्य पुरेसे आहे. बावन्नातून सदतीस वजा करताना मूल ‘सातातून दोन गेले, पाच’ असे लिहीत असेल, तर त्याला दशकाचा अर्थच कळलेला नाही. दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्याव्यात आणि सदतीस मागाव्यात. गठ्ठा सोडल्याशिवाय देता येत नाही, हे त्याच्या हातालाच कळते. त्यानंतर वहीतला हातचा समजावून सांगावा लागत नाही.

उत्तर (नाशिक, एका संस्थेत कार्यकर्ता)

शिक्षिकाताईंनी काय शिकवावे ते इतके नेमके सांगितले आहे की, मी फक्त ‘कोणी शिकवावे’ याविषयी लिहितो. आळीपाळीने येणारे सहा स्वयंसेवक ही रचना मला टिकाऊ वाटत नाही. मुलाच्या दृष्टीने रोज नवा माणूस येतो, काल कुठे थांबलो होतो हे त्याला ठाऊक नसते, आणि सोमवारी आलेली ताई मंगळवारी का नाही याचे उत्तर कोणी देत नाही. त्याच वस्तीतील बारावी झालेली, रोज येऊ शकणारी एक-दोन मुली किंवा तरुण माता शोधा आणि त्यांना नियमित मानधन द्या. तुम्ही सहा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढली, तर आठवड्यातील एका दिवसाच्या वेळेपेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

हे केवळ माझे मत नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ या उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. करणाऱ्यांमध्ये पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या, स्थानिक वस्तीतल्या तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचे होते. तरीही मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि वर्गात सर्वांत मागे असलेल्यांना तिचा सर्वाधिक लाभ झाला. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने लाभाचा मोठा भाग ओसरलेला आढळला. म्हणून किमान दोन-तीन वर्षे चालवण्याची तयारी असेल, तरच सुरू करावे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट याच मंडळींच्या उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याच्या अभ्यासातून कळते. तिथे गावातील स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले वर्गाला आली, त्यांचे वाचन खूप सुधारले. पण ज्यांना गरज होती, त्यांच्यापैकी फारच थोडी मुले आली. वस्तीतील अभ्यासिकेत हेच होते. खोली भरलेली दिसते, पण ती आधीच बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलांनी भरलेली असते. सर्वांत मागे असलेली मुलगी पाण्याच्या वेळेला नळावर उभी असते किंवा धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात बसलेली असते.

तेव्हा वेळ ठरवण्याआधी वस्तीत पाणी किती वाजता येते ते विचारा. धाकट्या भावंडांना सोबत आणू द्या आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू-पाटी ठेवा. त्यांचा गोंगाट होईल, तो सहन करावा लागेल. सलग दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी ताईने त्याच संध्याकाळी जायचे, हा नियम मानधनाच्या अटीतच घाला. कष्टकऱ्यांच्या दिवसाप्रमाणे शाळेची वेळ ठरवणे पुण्याला नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती याच विचाराने.

शुल्काबद्दल : घेऊ नका. ‘फुकटची किंमत नसते’ असे पुष्कळ जण म्हणतात, पण वीस-तीस रुपये थकले की आई संकोचाने मुलाला पाठवणे थांबवते, आणि ते मूल नेमके सर्वांत गरजू घरातले असते.

उत्तर (पिंपरी)

मी स्वतः अशाच एका वस्तीत वाढलो आणि आठवीपासून मंडळाच्या अभ्यासिकेत बसून शिकलो. वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, फक्त त्यांत मोठी मुले सुटली आहेत. आम्हाला शिकवणाऱ्यापेक्षा जागा हवी होती. घरात दिवा एकच, तोही नऊनंतर बंद, कारण वडिलांना पहाटे उठायचे असे. मुंबईत वरळीला ‘अभ्यासगल्ली’ म्हणून जो रस्ता ओळखला जातो, तिथे चाळीतल्या मुलांच्या पिढ्या रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकल्या, ते हौसेने नव्हे. म्हणून साडेसातला लहान मुले गेल्यावर समाजमंदिराला कुलूप लावू नका. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी ते रात्री दहापर्यंत उघडे ठेवा आणि जबाबदार मोठी व्यक्ती तिथे नेमा.

आठवीच्या मुलांकडून राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्जही अवश्य भरून घ्या. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि ज्या घरात दहावीनंतर मुलीला कामाला लावायचे की शिकवायचे असा प्रश्न असतो, तिथे या रकमेने निर्णय बदलू शकतो. महापालिका, शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुले त्यासाठी पात्र असतात, पण उत्पन्नाचा दाखला वेळेवर निघत नाही म्हणून अर्ज राहून जातात. दाखला काढून देणे हेही अभ्यासिकेचेच काम समजावे, असे मला मनापासून वाटते. गणित शिकवणारे अनेक भेटतात. सेतू केंद्राच्या रांगेत आईबरोबर उभे राहणारे कोणी नसते.

प्रश्नकर्ता (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ताईंना मानधनावर घेण्याचे आणि शुल्क न घेण्याचे आमच्यात ठरले आहे, आणि पाण्याची वेळ विचारली तेव्हा ती नेमकी साडेपाच ते साडेसहा निघाली, म्हणून वर्ग पावणेसातला सुरू करू. एक शंका उरते. गृहपाठाला शेवटची वीसच मिनिटे दिली आणि तो अपुरा राहिला, तर मुलांना शाळेत बोलणी बसतील आणि पालक नाराज होतील. शाळेशी याबाबत बोलावे का, की त्यांना ती ढवळाढवळ वाटेल?

उत्तर (मुंबई, निवृत्त शिक्षिका)

अवश्य बोलावे, आणि सुरुवात करण्यापूर्वीच बोलावे. शाळेत काय शिकवले जात नाही याची यादी घेऊन जाऊ नका. मुलांच्या चाचणीचे कागद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि या मुलांना चार महिने वाचनासाठी द्या, तोवर त्यांचा गृहपाठ थोडा कमी करा, अशी विनंती करा. चाळीस मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धावपळीत असलेल्या शिक्षकाला कोणी मदत करतो म्हटले, तर बहुतेकदा आनंदच होतो. मला तरी झाला असता.

शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या वस्तीतील एखादी आई त्या समितीवर असेल, तर तिला सोबत न्या. नसेल, तर पुढील निवडीच्या वेळी कोणीतरी उभे राहील असे पाहा. संध्याकाळच्या दोन तासांनी शाळेच्या पाच-सहा तासांची भरपाई होत नाही. मुंबईत ‘आकांक्षा’ने १९९० च्या दशकाच्या आरंभी अशीच शाळेनंतरची केंद्रे सुरू केली होती, आणि २००७ पासून ती संस्था महापालिकेच्या सहकार्याने शाळाच चालवू लागली. आपल्याला तेवढे करायचे नाही, पण शाळेकडे पाठ फिरवून चालणार नाही.

पालकांसाठी एक करा. महिन्यातून एकदा त्यांना समाजमंदिरात बोलवा आणि भाषण न करता प्रत्येक मुलाला त्यांच्यासमोर वाचायला लावा, ज्याला अक्षरेच येतात त्याने अक्षरे, ज्याला गोष्ट येते त्याने गोष्ट. रविवारी दुपारी बोलवा, कामावरच्या बायकांना बहुधा तीच वेळ मोकळी मिळते. आणि दोन्ही ताईंना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा की, एकटी मोठी व्यक्ती एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड कधीही थांबणार नाही. हा नियम स्वयंसेवकांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही लागू असेल, आणि तो लेखी करून खोलीत लावावा.