रिसीव्हरला मराठीत काय म्हणायचं? आणि -४० चा आवाज -३० केला तर वाढला की कमी झाला?

शाईदौत
आईबाबांसाठी घरातल्या होम थिएटरचं एकपानी टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर (सिनेमाच्या डिस्क लावायचा), पाच स्पीकर, एक सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) आणि या सगळ्यांच्या तारा ज्यात येतात तो एव्ही रिसीव्हर. लिहिलं, 'आधी रिसीव्हर चालू करा.' बाबांनी वाचलं आणि सरळ लँडलाइनकडे बघितलं. त्यांच्या लेखी रिसीव्हर एकच, फोनचा, कानाला लावायचा.

दुसरी अडचण आकड्याची. आमच्या यंत्रावर आवाज वजा आकड्यात दिसतो. 'आवाज -४० वरून -३० करा' असं लिहिलं, तर आई विचारते, 'म्हणजे कमी करायचा ना?'

तिसरी, 'इनपुट बदला'. हे आईला सांगायला साधं क्रियापद सुचवा.

बोरूबहाद्दर
इनपुटला 'आदान' आणि आउटपुटला 'प्रदान' हे शब्द शासनाच्या परिभाषेत आहेत. रिसीव्हरला 'ध्वनिग्राही' म्हणा. सवय नाही म्हणून जड वाटतं, इतकंच.

सोल्डर
मी अशी यंत्रं दुरुस्त करतो. 'ध्वनिग्राही' चुकीचं आहे, कारण त्यात ध्वनी शिरतच नाही. शिरतो तो सिग्नल, ध्वनी स्पीकरमधून निघतो. ध्वनी ग्रहण करतो तो माइक! मुळात रिसीव्हर हे नाव रेडिओमुळे पडलं. नुसता आवाज वाढवणारा तो ॲम्प्लिफायर, आणि त्याच डब्यात रेडिओचा ट्यूनर बसवला की रिसीव्हर. आज त्यावर रेडिओ कोणी ऐकत नाही, नाव मात्र राहिलं. गिऱ्हाइकं सर्रास 'ॲम्प्लिफायर' म्हणतात आणि ते जास्त खरं आहे.

वजा आकड्याचं सांगतो. शून्य ही एक ठरवलेली पातळी आहे आणि आवाज तिच्या किती खाली ठेवलाय ते आकडा दाखवतो. -४० म्हणजे ४० डेसिबलनं दाबलेला; डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. दहा डेसिबल वर गेलं की कानाला साधारण दुप्पट वाटतं, तेव्हा -४० वरून -३० हा चांगला मोठा फरक आहे. बऱ्याच यंत्रांत मेनूत जाऊन वजाऐवजी शून्यापासून चढणारे आकडे लावता येतात. आईंसाठी ते आधी करा.

विहीरकाठ
आईंना विहिरीचं उदाहरण द्या. 'पाणी चाळीस हात खाली गेलंय' म्हटल्यावर पाणी वाढलं असं कोणी समजत नाही. तीस हातांवर आलं म्हणजे वर आलं. आमच्याकडे खोली 'परसा'त मोजायचे, एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. परस हा शब्द पुरुषावरूनच आला असणार.

शाईदौत
हे आईला लगेच पटलं! तिच्या माहेरी विहीर होती. टिपणात 'आवाज तीस हातांवर आणा' असंच लिहू का, असा मोह होतोय.

तानपुरा
इनपुटसाठी क्रियापद घरातच आहे: लावणे. रेडिओचा काटा फिरवत 'पुणे लाव', 'विविध भारती लाव' असंच म्हणायचो ना? अनेक ठिकाणांहून येणाऱ्या आवाजांतून एक निवडायचा, रिसीव्हरवर नेमकं तेच करतो. 'आधी ॲम्प्लिफायर चालू करा, मग त्यावर ब्लू-रे लावा.' संपलं. आदान कशाला हवंय?

बोरूबहाद्दर
'लावणे' किती ठिकाणी वापरणार? दिवा लाव म्हणजे सुरू कर, दार लाव म्हणजे बंद कर. तंबोरा लावतात, कुलूप लावतात, दूध लावतात, पेपर लावतात. सूचना लिहिताना एका शब्दाचा एकच अर्थ असावा.

तानपुरा
पण दार लाव म्हटल्यावर कोणी कधी दार उघडलंय का? वस्तू कोणती, त्यावरून अर्थ कळतोच.

सीमावासी
आम्ही बेळगावचे. आमच्याकडे पंखा 'घालतात'. कानडीतलं 'हाकु' मराठीत उतरलं म्हणतात. पुण्यात होस्टेलवर पहिल्या दिवशी 'फॅन घाल' म्हणालो तर रूममेट विचारतो, कुठे घालू? वर पुण्याचीच मंडळी 'लाईट घालव' म्हणतात, म्हणजे बंद कर. एका 'व'नं अर्थ उलटा! तेव्हा 'वस्तूवरून कळतं' हे आपल्याच गावात खरं.

बोरूबहाद्दर
म्हणूनच प्रमाण शब्द हवेत. सावरकरांनी सुचवलेल्या दूरध्वनी, दिग्दर्शक, महापौर या शब्दांनाही आधी लोकांनी नाकं मुरडलीच असतील. आज दिग्दर्शकाला कोणी अडतं का?

सोल्डर
दिग्दर्शक तोंडात बसला, दूरध्वनी मात्र लेटरहेडवर राहिला. बोलताना सगळे फोनच म्हणतात. आणि इथे वाचणारी आई आहे. मला फोन येतात ते 'चित्र दिसतंय, आवाज नाही' असे. निम्म्या वेळा बिघाड नसतोच, टीव्हीची केबल एआरसी लिहिलेल्या खाचेत नसते. त्या खाचेतून टीव्हीचा आवाज त्याच तारेनं उलटा रिसीव्हरकडे येतो. हे टिपणात जरूर घाला. आणि संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सगळा आवाज चढवू नका, मधल्या स्पीकरची पातळी वाढवा. संवाद बहुतेक तिथूनच येतात.

तानपुरा
'आवाज चढवू नका' वाचून मला भांडण आठवलं. आवाज माणसं चढवतात, यंत्राचा आवाज मोठा करतात.

सबवूफरला मात्र सुंदर शब्द आहे, 'खर्ज'. षड्जाचा अपभ्रंश. ष चा ख झाला, जसा भाषाचा हिंदीत भाखा. 'खर्जाचा स्पीकर' म्हणा, गाणं न शिकलेल्यालाही कळेल.

सोल्डर
खर्ज झकास. उद्यापासून दुकानात वापरतो.

शाईदौत
कालपर्यंतचं टिपण असं: 'मधला काळा डबा सुरू करा. त्यावर ब्लू-रे लावा. आवाज हवा तेवढा मोठा-बारीक करा.' मेनूतून वजा काढून टाकलं. बाबांनी रिसीव्हरला 'काळा डबा' नाव ठेवलंय, पण डबा म्हटलं की आईला सेट टॉप बॉक्स आठवतो. म्हणजे मूळ प्रश्न तिथेच आहे.

विहीरकाठ
'बारीक' वाचून बरं वाटलं. आमची आजी रेडिओ बारीक करायची, तसाच स्टोव्ह आणि कंदिलाची वातही. आमची मुलं 'आवाज कमी कर' म्हणतात, बायको 'लहान कर' म्हणते. तुमच्याकडे काय म्हणतात?

सीमावासी
लहान. बारीक फक्त गॅस आणि माणूस.